झोपेची वही सुरू करताय, तर दिवसही लिहा
फक्त झोपायची-उठायची वेळ लिहून फारसं हाती लागत नाही. शेवटची कॉफी कधी घेतली, उन्हात गेलात का, कुणाशी वाजलं का, तेही लिहा. कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण 5 तास लागतात; संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही जागा असतो. माझ्या वहीत मात्र खरा चोर निघाला तो अर्धवट राहिलेल्या कामांचा घोर. आता झोपण्याआधी उद्याची कामं कागदावर उतरवते, खूप हलकं वाटतं. उलटंही तपासा: झोप अपुरी झाली की साध्या बोलण्याचाही राग येतो, आणि तोच राग पुढची रात्र खातो. किमान 2 आठवडे लिहा. मध्यरात्री घड्याळ मात्र बघू नका. सकाळी अंदाजाने लिहिलेलं चालतं.