बौद्ध भिक्खू होण्यासाठी काय अटी असतात? बाइकचे हप्ते चालू असतील तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की वय 26 आहे, खासगी नोकरी आहे, आईवडिलांचा विरोध आहे, आणि शेवटी कंसात, "बाइकचे हप्ते बाकी आहेत, पण ते मोठा भाऊ भरेल." बाकीचं तुम्हाला कोणत्याही विहारात सांगतील. मी लिहायला बसलो ते त्या कंसामुळे. आमच्या घरात तो मोठा भाऊ मी होतो.

आधी अटी. श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, लहान वयातही होता येतं. उपसंपदेला, म्हणजे पूर्ण भिक्खू व्हायला, 20 वर्षं पूर्ण लागतात, आणि ती गर्भापासून मोजलेली चालतात. जन्माने बौद्ध असायची अट नाही. उपाध्याय, म्हणजे दीक्षा देणारे गुरू, किमान 10 वर्षं भिक्खू असलेले हवेत. मध्यदेशात, म्हणजे बुद्धांच्या काळच्या गंगेकाठच्या मधल्या प्रदेशात, 10 भिक्खूंचा संघ लागतो, बाहेर 5 चालतात. संघासमोर पालीत प्रश्न विचारतात. कुष्ठ, गंड (गळू), किलास (त्वचारोग), क्षय, अपस्मार (फेफरं) यातलं काही आहे का? याला "नत्थि भन्ते", म्हणजे नाही, भन्ते. मग पुढचे: मनुष्य आहेस ना, पुरुष आहेस ना, कुणाचा दास नाहीस ना, ऋणमुक्त आहेस ना, राजाच्या चाकरीत नाहीस ना, आईवडिलांची अनुज्ञा आहे ना, 20 पूर्ण आहेत ना, पात्र-चीवर, म्हणजे भिक्षापात्र आणि भिक्खूची वस्त्रं, आहे ना. यांना "आम भन्ते", म्हणजे हो, भन्ते.

लोक हे प्रश्न पाठ करून जातात आणि विधी म्हणून उरकतात, त्याची मला चीड येते. महावग्ग, म्हणजे विनयपिटकातला संघाच्या नियमांचा ग्रंथ, वाचा. यातल्या बहुतेक प्रश्नांमागे घडलेली घटना आहे. मगधात साथ आली तेव्हा संघावर उपचार करणारा वैद्य जीवक याचं औषध फुकट मिळावं म्हणून लोक भिक्खू झाले, बरे झाल्यावर चीवर सोडून घरी गेले. जीवकाने स्वतः बुद्धांकडे तक्रार केली, तेव्हा रोगांचा नियम आला. मगधचा राजा बिंबिसार याचे सैनिक लढाई टाळायला संघात शिरले, म्हणून राजाच्या चाकरीचा प्रश्न आला. आणि एक कर्जदार पळून येऊन भिक्खू झाला. सावकारांनी त्याला ओळखलं, पण प्रव्रजिताला, म्हणजे घर सोडून दीक्षा घेतलेल्याला, हात लावू नये असा राजाचा हुकूम होता, त्यामुळे काही करता येईना. लोक म्हणू लागले, हे श्रमण कर्जबुडव्यांना आसरा देतात. त्यावर बुद्धांनी सांगितलं की कर्जदाराला प्रव्रज्या, म्हणजे दीक्षा, देऊ नये.

माझ्या धाकट्याने पतसंस्थेचं कर्ज काढून सेकंडहँड छोटा हत्ती टेम्पो घेतला होता. जामीनदार मी. मार्केट यार्डात भाड्याने चालवायचा. विहारात जाऊन जाऊन त्याचं मन तिकडे लागलं, उन्हाळ्यातलं दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर केलं आणि घरी येऊन म्हणाला, आता परत फिरायचं नाही. आई रडली, पण आठवडाभरात हो म्हणाली. बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपुरात धम्म दिला तेव्हा तिचे वडील त्या मैदानावर होते, ती नाही कशी म्हणणार? मी मात्र म्हटलं, गाडीचं कर्ज तू फेडायचं, मी फेडणार नाही.

झालं, मामा पेटले. घरात सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगं धर्माच्या वाटेला लागून रायलं अन् तू हप्त्याचा हिशोब काढून बसला काय? तूच भर ना!" मी भरू शकलो असतो. नोकरी होती, बायकोचीही ना नव्हती. पण मी ते कर्ज डोक्यावर घेतलं असतं तर माझ्या भावाने सोडलं काय असतं? घर मी सांभाळणार, आई मी बघणार, त्याचं कर्जही माझ्याकडे. असा संन्यास दुसऱ्याच्या पाठीवर उभा असतो, आणि तो मला मान्य नाही. तेव्हाही नव्हता.

त्याने गाडी विकली. पैसे कमी पडले. मग कापसाच्या हंगामात जिनिंगवर रात्रपाळी केली, सकाळी केसांत सरकी आणि रुईचे तंतू घेऊन यायचा, अंघोळ करून विहारात जायचा. पतसंस्थेचा बेबाकीचा दाखला मिळाला तो आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवला. एका मित्राचे हातउसने राहिले होते, त्याला ना कागद ना साक्षीदार. मित्र पानटपरीवर बसलेला, म्हणाला, राहू दे, धर्मदाय समज. धाकट्याने नोटा काउंटरवर ठेवल्या आणि मोजून घ्यायला लावल्या.

बोधगयेला त्याची उपसंपदा झाली तेव्हा मी मागे बसलो होतो. "अनणोसि?", म्हणजे ऋणमुक्त आहेस ना, विचारलं आणि तो "आम भन्ते" म्हणाला. त्याच्या आवाजात जो ठामपणा होता तो मी आयुष्यभर विसरणार नाही. आज मी त्याला भंते म्हणतो, आई त्याला वंदन करते.

आता तुमच्या आईवडिलांबद्दल. बुद्धांनी स्वतःच्या मुलाला, राहुलला, प्रव्रज्या दिली तेव्हा त्यांचे वडील शुद्धोदन राजाला इतकं दुःख झालं की त्याच्याच विनंतीवरून आईवडिलांच्या अनुज्ञेचा नियम झाला. रट्ठपाल नावाच्या तरुणाने आईवडिलांच्या परवानगीसाठी अन्न सोडलं होतं, पण ती मिळाल्यावरच तो गेला. तुम्ही आधी दहा दिवसांचं शिबिर करा, आईला तिथे भोजनदानाला बोलवा. पोराला चीवरात पाहिलं की बरेच आईबाप मऊ होतात. लग्न झालेलं असेल तर बायकोचा होकारही घ्या. तो प्रश्न संघ विचारत नाही, पण मी विचारतो. लोक पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं उदाहरण देतात की ते बायको आणि लहान मुलगी गोव्यात ठेवून निघाले आणि 1902 मध्ये कोलंबोत श्रामणेर झाले. त्यांच्या विद्वत्तेपुढे मी हात जोडतो, पण त्या उदाहरणाने तुमची सोय करून घेऊ नका.

हे सगळं थेरवादाचं, म्हणजे श्रीलंका, थायलंड, म्यानमारकडच्या पाली परंपरेचं, सांगितलं, ज्यात 227 नियम असतात. तिबेटी परंपरेत भिक्खूला 253 आहेत आणि विधी वेगळा. बायकांची भिक्खुणी उपसंपदा 1998 मध्ये बोधगयेला झाली, पण थायलंड आणि म्यानमारचे संघ ती मानत नाहीत, तेव्हा बहिणींनी आधी परंपरा निवडावी. विहारागणिक कागदपत्रंही वेगळी मागतात, ते फोन करून विचारा. आणि उपसंपदेनंतर किमान 5 वर्षं गुरूच्या आश्रयाने राहावं लागतं, लगेच कुठेही हिंडता येत नाही.

मामांचा शेवटचा मुद्दा राहिला. ते आजही लग्नकार्यात भेटले की म्हणतात, "अंगुलिमालाले कोनं दाखला मागितला होता?" मामा, अंगुलिमाल हा दरोडेखोर भिक्खू झाल्यावर लोक घाबरून पळू लागले, दारं लावू लागले, आणि त्यानंतर बुद्धांनी नियम केला की कुख्यात दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये. तेही महावग्गातच आहे, आणि कर्जदाराचा नियम त्याच्याच थोडा पुढे. पुस्तक माझ्याकडे आहे, घरी या, दाखवतो.

आणि तुम्ही, बाइक विका किंवा हप्ते फेडा. भावाचा नंबर बँकेत देऊन निघू नका.