कणसूर म्हणावं कुणाला?

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय, जरा तापलेलाच. मुंढव्यात झालेल्या एका रॉक कार्यक्रमाचं परीक्षण त्याने दैनिकात वाचलं. त्यात म्हटलं होतं की वादकांची साथ चोख होती, पण गायक वारंवार कणसूर होत होता. हा गडी त्या बँडचा कॉलेजपासूनचा चाहता. आधी त्याला वाटलं, कौतुकच आहे, गायक कणस्वर घेतो म्हणताहेत. मग आईने खरा अर्थ सांगितला आणि स्वारी भडकली. 'बेसूर' आणि 'कणसूर' यांत फरक काय, आणि हा शब्द रॉकला लावायचा का, असं त्याने विचारलंय. सोबत मोबाइलवर घेतलेलं चाळीसेक सेकंदांचं रेकॉर्डिंग.

त्याचा घोटाळा झाला यात नवल नाही. कणस्वर म्हणजे मूळ स्वराला ओझरता स्पर्श करून जाणारा शेजारचा स्वर. गाणं कागदावर उतरवायच्या भातखंडे लिपीत तो मुख्य स्वराच्या डोक्यावर डावीकडे बारीक अक्षरात लिहितात. तो दागिना. कणसूर म्हणजे स्वर लागला, पण कणभर उतरलेला किंवा चढा लागला. नाव जवळपास तेच, पण एकाला दाद मिळते आणि दुसऱ्याला शेजारचा श्रोता मान खाली घालून हळूच 'च्च' करतो.

बेसूरचं तसं नाही. तिथे सुराशी ओळखच नसते. गणपतीत मांडवातली आरती खुशाल बेसूर होते. ती कणसूर झाली असं कुणी म्हणत नाही. कणसूर व्हायला आधी गाता यावं लागतं. म्हणून पुण्यात गाणाऱ्याला 'बेसूर' म्हटलं तर तो हसून सोडून देईल, 'जरा कणसूर वाटलं हो' म्हटलं तर आठवडाभर झोपायचा नाही. तेव्हा परीक्षणकर्त्याने तुमच्या गायकाला झोडपलं खरं, पण गवयांच्या पंगतीत बसवून झोडपलं. १९५३ सालापासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकत आलेल्या गावात हा शब्द सहजासहजी कुणाच्या वाट्याला येत नाही. आवाजच आवडला नसता तर 'भसाडा' म्हणून मोकळे झाले असते. (भसाडा हा आवाजाचा पोत झाला, त्यात सुराची चूक येत नाही. भसाड्या आवाजाचे पक्के सुरेल लोक मी ऐकलेत.)

आता रेकॉर्डिंगकडे. पेटी काढून बसलो. गायक एका जागी गांधार, म्हणजे सारेगममधला 'ग', घेतो, आणि तो ना धड कोमल (उतरलेला) ना धड शुद्ध, दोघांच्या मधे कुठेतरी. पेटीवर सापडायचाच नाही, कारण तिथे पट्टीच नाही. पण तीनही वेळा तो नेमका त्याच ठिकाणी येतो. मागे गिटारवालाही तार आडवी ओढून तिथेच पोचतो, सतारिया पडद्यावर तार ओढून मींड काढतो, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकतो, तसा. अमेरिकेतल्या ब्लूज संगीतातून रॉकमध्ये आलेला हा गांधार आहे, त्याला तिकडे ब्लू नोट म्हणतात. दरबारी कानडा रागातला गांधारही पेटीवरच्या कोमल गांधारात मावत नाही, खाली झुलत राहतो, आणि त्याला आपण डोळे मिटून दाद देतो. मुद्दाम घेतलेल्या आणि दरवेळी तिथेच सापडणाऱ्या सुराला कणसूर म्हणता येत नाही. कणसूर हा निसटलेला सूर. परीक्षणातलं 'वारंवार' या गांधारामुळे आलं असेल, तर तो शब्द चुकला.

तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला गिटारचा सरळ शुद्ध गांधारही टोचू शकतो, हे आणखी एक. तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून आपोआप उमटणारा गांधार आणि गिटारच्या पडद्यावरचा गांधार यांत सुमारे १४ सेंटचा फरक असतो, गिटारचा चढा. सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या (काळ्याही धरून) अंतराचा शंभरावा भाग. एवढ्यावरून भांडणारे लोक आमच्या पेठेत आहेत, त्यात मीही आलो.

रॉकला हा शब्द लावू नये, हा तुमचा हट्ट मात्र मला मान्य नाही. 'आमच्यात सूर बघत नाहीत' असं म्हणून तुम्ही आपल्याच गायकाला मांडवात नेऊन बसवताय. आणि रेकॉर्डिंगच्या शेवटी तो तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, थांबतो ना, तिथे ओढलेलं काही नाही, दम संपलाय. गिटार षड्जावर पक्की आहे आणि हा तिच्या खाली केसभर लोंबतोय. मी चारदा ऐकलं. याला मराठीत कणसूरच म्हणतात.

दैनिकाला पत्र लिहिणार आहात म्हणता. जरूर लिहा, 'गांधार ओढून घेतला होता, कणसूर नव्हता' एवढंच लिहा. आणि रेकॉर्डिंग पाठवलंत, तर शेवटचे सहा सेकंद कापून पाठवा.