हलक्या वाऱ्यासाठी मोठा पतंग: एफडी मोडावी का?

नाशिकरोडच्या एका वाचकाने विचारलं आहे: "वय 36, सातपूरला नोकरी, वजन 82 किलो. चार वर्षांपूर्वी रामेश्वरला काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डावर उभं राहून पाण्यावरून सरकणं, शिकलो, तेव्हापासून वर्षातून दोनदा जातो. माझ्याकडे 10 चौरस मीटरचा हवा भरायचा पतंग आहे. वारा पडला की तो उभा राहत नाही. गेल्या वर्षीच्या 14 दिवसांपैकी 5 दिवस मी किनाऱ्यावर बसून काढले. आता 18 चौरस मीटरचा, अगदी हलक्या कापडाचा फॉइल पतंग 1,62,000 रुपयांना मिळतो आहे. 2 लाखांची एफडी मोडू, की क्रेडिट कार्डावर 18 महिन्यांचे हप्ते करू? तो चाकाच्या बोर्डावर नाशिकच्या मैदानातही वापरीन, म्हणजे पैसे वसूल होतील. पत्नीला अजून सांगितलेलं नाही."

तुमची तळमळ मला कळते. मी येवल्याचा. संक्रांतीला वारा पडला की वडील जाड कामटीचे पतंग बाजूला ठेवायचे आणि एखादी कामटी काचेच्या तुकड्याने तासायला बसायचे. मधूनच ती बोटावर तोलून बघायचे, दोन्ही बाजू सारख्या झुकल्या की कन्नी बांधायचे. तोवर आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, धरून मी गच्चीवर ताटकळत उभा. हलक्या वाऱ्यात आकाराआधी वजन बघायचं, हे मी तिथे शिकलो. फॉइलची तुमची निवड त्या दृष्टीने बरोबरच आहे. त्यात हवेच्या नळ्या नसतात. पुढच्या तोंडातून शिरणाऱ्या वाऱ्यानेच तो फुगतो, त्यामुळे त्याच आकाराच्या नळीवाल्या पतंगापेक्षा हलका पडतो आणि दोर क्षणभर सैल झाले तरी लगेच खाली येत नाही.

आता हिशोब. पत्रासोबत तुम्ही त्या 5 दिवसांच्या वाऱ्याच्या नोंदी पाठवल्यात, हे फार चांगलं केलंत. 3 दिवस वारा 12 ते 13 नॉट होता आणि 2 दिवस 8 ते 9 नॉट. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. तुमचा 10 मीटरचा पतंग 16 नॉटला, म्हणजे ताशी साधारण 30 किलोमीटरच्या वाऱ्यात, तुम्हाला नीट ओढतो असं तुम्ही लिहिलंय. तीच ओढ 12 नॉटला हवी असेल, तर 16 भागिले 12, त्याचा वर्ग, म्हणजे 1.78 पट कापड लागेल. हे जवळजवळ 18 मीटरच झालं. पण 9 नॉटला तेच गणित 31 मीटरच्या वर जातं. पतंग फिरवत ठेवून थोडी जास्त ओढ काढता येते, म्हणून हा हिशोब ढोबळ समजा. तरी रोख स्पष्ट आहे: 18 मीटरचा पतंग तुमचे 3 दिवस वाचवेल, उरलेले 2 नाही. त्या 2 दिवसांसाठी पाण्याखाली पंख असलेला हायड्रोफॉइल बोर्ड लागतो. तो वेगळा खर्च आणि वेगळं शिक्षण.

म्हणजे 1,62,000 रुपये वर्षाला 3 दिवसांसाठी. चार वर्षं वापरून निम्म्या किमतीला विकला असं धरू. पातळ कापड उन्हाने लवकर जुनं होतं, तेव्हा निम्मी किंमतसुद्धा मी उदार मनाने धरतोय. 81,000 रुपये गेले, वर्षाला 20,250, वाचलेल्या प्रत्येक दिवसाला 6,750. मोडलेल्या एफडीचं व्याज यात धरलेलं नाही. तुमच्याच पत्रात आहे की तिथल्या शाळेत मोठा पतंग दिवसाला 3,500 रुपये भाड्याने मिळतो. तीन दिवसांचे 10,500. जवळपास निम्म्यात काम होतंय, आणि पतंग फाटण्याची, जुना होण्याची धास्ती नाही.

हप्त्यांचा विचार तर मनातून काढूनच टाका. तुम्हाला 15 टक्के दर सांगितलाय. महिन्याला सुमारे 10,100 रुपये जातील, 18 महिन्यांत व्याजच 19,900 च्या आसपास होईल आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 3,600. छंदासाठी कार्डावर व्याज भरायला मी कुणालाच सांगत नाही.

एफडीचं मला जास्त वाटतं. घरखर्च आणि फ्लॅटचा हप्ता मिळून तुमचे महिन्याला 52,000 जातात आणि बचत खात्यात 1,10,000 आहेत. ही एफडी आहे म्हणून तुमच्या हाताशी सहा महिन्यांची तजवीज आहे. 1,62,000 काढले तर ती तीन महिन्यांच्याही खाली येते. घरी पाच वर्षांची मुलगी आहे, पगार मुख्यतः तुमचा एकट्याचा आहे. अशा घरात सहा महिन्यांचा पैसा हलवू नये, हे मी अगदी ठामपणे सांगतो. शिवाय एफडी दोघांच्या नावावर आहे. पत्नीला आधी सांगा. दुकानदाराला आगाऊ रक्कम देण्याच्या आधी, नंतर नाही.

आणि नाशिकचं मैदान. या एका मुद्द्यावर मला काळजी वाटली. चाकांना पाण्याइतका विरोध होत नाही, म्हणून जमिनीवर त्याच वाऱ्यात लहान पतंग लागतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, इथली हवा 5-6 टक्के विरळ, पण तेवढ्यासाठी कुणी मोठा पतंग घेऊ नये. इथला वारा रामेश्वरसारखा समुद्रावरून सरळ येत नाही. भोवती डोंगर आणि एप्रिल-मेच्या दुपारी तापलेली जमीन, त्यामुळे तो झोताने येतो. 12 नॉटचा वारा एका झोतात 20 झाला तर ओढ पावणेतीन पटीने वाढते. 18 मीटरचं कापड त्या क्षणी माणसाला उचलतं, आणि खाली पाणी नसतं, मुरूम असतो. वर विजेच्या तारा असतात त्या वेगळ्याच. मैदानातल्या वापरातून पैसे वसूल होतील हे गणित कृपा करून खोडून टाका.

विम्याचे कागदही काढा. आरोग्य विम्यातलं साहसी खेळांचं सर्वसाधारण कलम व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरतं असतं, पण वैयक्तिक अपघात विम्यात पुष्कळदा हौशी खेळही वगळलेले असतात. तुमची अपघात पॉलिसी 25 लाखांची आहे. कंपनीला ईमेलने विचारा, खेळाचं नाव स्पष्ट लिहा, उत्तर जपून ठेवा.

मग करायचं काय? येत्या मोसमात मोठा पतंग भाड्याने घ्या आणि रोजची नोंद चालू ठेवा. जुना, मोठा आणि रुंद बोर्ड 30,000 च्या आत मिळाला तर तो जरूर घ्या. रुंद बोर्ड कमी ओढीत तरंगतो, तुमच्या 82 किलोंना त्याचा लगेच फायदा होईल, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. पतंगासाठी महिन्याला 5,000 ची वेगळी आरडी सुरू करा. दीड वर्षात 90,000 आणि वरचं व्याज जमेल. तोवरच्या नोंदींत 11 ते 14 नॉटचे दिवस वर्षाला सहाच्या वर दिसले, तर एक मोसम वापरलेला फॉइल पतंग बघा, आणि तेव्हा मी तुम्हाला अडवणार नाही. भाड्याने सहा दिवसांचे 21,000 होतात. 90,000 चा पतंग चार वर्षांनी निम्म्याला विकला, तर वर्षाचा खर्च 11,250 येतो.

जुना घेताना कापड ओठांना घट्ट लावून फुंकर मारा. हवा आरपार जात असेल तर कापड संपलंय. चारही दोरांची टोकं एका खिळ्यात अडकवून ताणा, लांबीत फरक दिसला तर तो दुरुस्त करून मागा. आतल्या शिवणी उन्हाकडे धरून बघा.

विमा कंपनीचं उत्तर आलं की मला पाठवा. त्यातले शब्द आपण दोघं मिळून वाचू.