लग्नाचे फोटो काढता काढता म्युझिक व्हिडिओ दिग्दर्शक होता येईल का?

तुम्ही विचारलंय की चार वर्षं पुण्यात लग्नाचे आणि पोर्टफोलिओचे फोटो काढताय, आता गाण्यांचे व्हिडिओ करायचेत. एक गायक मित्र २० हजार द्यायला तयार आहे. फोटोचा अनुभव कामाला येईल का, एफटीआयआयला (पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटला) जावंच लागेल का, आणि यात पोट भरतं का?

पोटाचं आधी सांगतो. तेरा वर्षं झाली, नुसत्या व्हिडिओंवर माझं अजून भरत नाही. तुळशीचं लग्न लागलं की माझा लग्नांचा सीझन सुरू होतो, तो पावसाच्या तोंडाशी संपतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा व्हिडिओ. म्हणजे लग्नं मला पोसतात आणि मी व्हिडिओंना पोसतो. बायको हे जास्त सोप्या शब्दांत सांगते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अनुभव कामाला येतो, पण आडवाही येतो. माझा पहिला व्हिडिओ १८ हजारांत झाला, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. गाणं गझलेच्या अंगाचं, गायक कॉलेजमधला मित्र. मी सवयीने शटर १/२०० ला (म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग) ठेवलं, कारण हात हलला तरी फोटो कडक यायला हवा हे डोक्यात पक्कं बसलेलं. ओसरीवर ट्यूबलाइट होती. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा स्क्रीनवर सगळं छान दिसलं. रात्री घरी कॉम्प्युटरवर बघतो तर गायकाच्या तोंडावरून काळे पट्टे सरकतायत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन हेलकावे येतात आणि पट्टे जातात. पाच मिनिटांत शिकण्यासारखी ही गोष्ट, माझा अख्खा दिवस पुन्हा शूट करण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी स्लो मोशनचा घोळ. गाणं म्हणणारा माणूस स्लो मोशनमध्ये हवा असेल आणि ओठ शब्दांवर बसायला हवे असतील, तर ५० फ्रेमवर शूट करायचं आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. मग २५ वर आणलं की ओठ जागेवर येतात. आता कल्पना करा, आर्त गझल दुप्पट वेगाने, स्पीकरवर, वाड्याच्या चौकात. वरच्या माडीवरच्या आजी जिन्याच्या अर्ध्यात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अरे, त्या मुलाला जरा पाणी द्या, किती घाईत गातोय!"

हे तांत्रिक झालं, ते सुधारतं. खरी बोंब एडिटच्या टेबलावर झाली. सगळं फुटेज बघून एडिटर म्हणाला, "हा अल्बम आणलायस. व्हिडिओ कुठाय?" राग आला, पण तो बरोबर होता. माझा प्रत्येक शॉट म्हणजे एक फोटो होता. खांबाला टेकलेला गायक, खिडकीतून येणारा उजेड, सगळं जागच्या जागी. पण कुणी फ्रेममध्ये येत नव्हतं, कुणी जात नव्हतं, कुणाची मान वळत नव्हती. एका शॉटने दुसऱ्याला हात द्यायला हवा, तो कुठेच नव्हता. फोटोग्राफर योग्य क्षणाची वाट बघतो आणि तेवढाच उचलतो. व्हिडिओत त्या क्षणाच्या आधीचे तीन सेकंद आणि नंतरचे दोनही तुम्हालाच उभे करावे लागतात.

तेव्हापासून मी कॅमेरा हातात घ्यायच्या आधी कागद घेतो. गाणं वीस-पंचवीस वेळा ऐकायचं आणि लिहायचं: मुखडा किती सेकंदाला संपतो, अंतरा कुठे उचलतो, गायक श्वास कुठे घेतो. नवशिके प्रत्येक ठोक्यावर कट मारतात, मीही मारायचो. मग व्हिडिओ शिवणयंत्रासारखा चालतो. मला स्वतःला श्वासावरचा कट आवडतो. थोडा ताल शिका, निदान सम (तालाची पहिली मात्रा) आणि खाली (जिथे ठेका हलका होतो) ओळखण्यापुरता. (रूपक तालात समेवरच खाली असते, तिथे माझी अजून फसगत होते.)

एफटीआयआय? जावंच लागतं असं नाही. मी दोनदा प्रवेश परीक्षा दिली, दोन्हीदा नापास. प्रवेश मिळाला तर मात्र डोळे मिटून जा. छायालेखन, ध्वनी आणि संकलन शिकणारे लोक एकाच आवारात भेटणं ही मोठी चैन आहे. ते आवार म्हणजे जुना प्रभात स्टुडिओ. १९३६ चा 'संत तुकाराम' तिथलाच. दामले आणि फत्तेलाल या दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं. प्रभातमध्ये दामल्यांकडे ध्वनिमुद्रण असायचं, फत्तेलाल कला दिग्दर्शक. एकाकडे कान, दुसऱ्याकडे डोळा. तुमच्याकडे डोळा आहे असं धरतो, तर कानवाला शोधा.

तुमच्याच वाटेने गेलेला मोठा माणूस म्हणजे डच फोटोग्राफर अँटन कॉर्बैन. आधी बँडचे फोटो, मग त्यांचे व्हिडिओ, आणि २००७ मध्ये पहिला चित्रपट, तोही एका गायकावरच. डेपेश मोड या बँडचे व्हिडिओ त्याने १९८६ पासून केले आणि पुढे कित्येक वर्षं त्याच बँडबरोबर राहिला. मला त्याच्या दाणेदार काळ्या-पांढऱ्या फोटोंपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे दहा गायकांचा एकेक व्हिडिओ करण्यापेक्षा या मित्राचेच चार करा.

मित्र असला तरी करार लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो किंवा फिल्म केली, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा. तुमचंच काम शोरीलमध्ये (नमुना म्हणून दाखवायच्या व्हिडिओत) वापरायची परवानगी त्या कागदावर असू द्या. मी हे शिकलो तेव्हा उशीर झाला होता, एक बरा व्हिडिओ आजही दाखवता येत नाही.

शनिवारवाड्याच्या नादी लागू नका, तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, परवानगीशिवाय शूटिंग होत नाही. ड्रोनचं म्हणाल तर एका बाजूला लोहगावचा हवाईतळ, दुसरीकडे खडकवासल्याला एनडीए. आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघा.

२० हजारांत एक जागा, एक दिवस आणि भाड्याची एकच लेन्स, ३५ किंवा ५० मिमी. जेवणासाठी दोन हजार बाजूला काढा, उपाशी माणूस दुप्पट वेगाने गात नाही. आणि एडिटरला शूटच्या आधी भेटा, पैसे संपल्यावर नको. गाण्याचा कागद तयार झाला की इथेच खाली टाका, मी बघून सांगतो.