जेटीवरच्या पोरांची टीम बांधताना

तू रत्नागिरीत जेटीवर आणि स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना घेऊन फुटबॉल सुरू करतोयस, फार बरं वाटलं. पहिल्याच दिवशी ‘घर का सोडलंस’ असं कुणाला विचारू नकोस. नाव विचार, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावाने हाक मार. हे सगळ्यात महत्त्वाचं.

भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट असते, तेव्हाच खेळ. भरतीची वेळ रोज सरकते, म्हणून उद्या कधी जमायचं ते आजच सांग आणि स्वतः आधी पोच. ज्यांना आजवर कुणी दिलेला शब्द पाळला नाही, ती माणसं हेच बघत असतात. बूट दोघांकडेच असतील तर सगळ्यांनी अनवाणी खेळायचं.

होमलेस वर्ल्ड कप, म्हणजे बेघर खेळाडूंची जागतिक फुटबॉल स्पर्धा, २००३ साली ऑस्ट्रियात ग्राझला सुरू झाला. त्याचा नमुना आपल्याला सोयीचा आहे: एका बाजूला चौघे, सात-सात मिनिटांचे दोन डाव. थकलेलं, अर्धपोटी शरीरही तेवढं पेलतं. आपल्या नागपुरात विजय बारसे सरांनी वस्तीतल्या मुलांसोबत हेच काम उभं केलं.

पिऊन आलेल्याला खेळवू नकोस, पण हाकलूही नकोस. बाजूला बसव, चहा दे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटीवरच झोपणाऱ्या काही खलाशांचा तेव्हा निवाराही जातो. किनाराही धोक्याचा असतो. छप्पर असलेली जागा मे महिन्यातच बघून ठेव. आधार कार्ड, दवाखाना, काम यांबद्दल ते स्वतःच विचारतील, बहुतेक खेळ संपल्यावर. तेव्हा घाईने निघू नकोस.