बाटल्या छान आहेत, पण त्यावर लिहिलंय काय?

बेटा,

तुझा फोटो पाहिला. खिडकीत ओळीनं गावरान बियाण्यांच्या अकरा बाटल्या, बघून खरंच बरं वाटलं. आता आणखी किती जाती गोळा करू असं विचारलंस, पण फोटो मोठा करून पाहिला तर एका बाटलीवर नुसतं "तूर लाल", दुसरीवर "तूर पांढरी", आणि तिसरीवर काहीच नाही. म्हणून हे लांबलचक लिहितोय, राग मानू नको.

वीसेक वर्षांपूर्वी मी पण असाच बियाणं गोळा करत फिरायचो. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावात एका आजीनं आड्याला टांगलेला वाळका तुंबा काढला, तोंडाला शेण लिंपलेलं, ते विळ्याच्या पाठीनं फोडलं आणि सुपात आधी राख पडली मग तूर, बारीक दाणा, अंगावर जांभळे ठिपके. "माह्या सासूनं देल्लेलं बियानं हाय हे, धुई पडली तरी याचं फूल गळत नाही," असं म्हणाली. आता धुईनं, म्हणजे धुक्यानं, तुरीचा बहार गळतो तेव्हा घरात काय वातावरण असतं ते तुला माहीत आहे, तर त्या एका वाक्याची किंमत काय ते समज. मी पुडी बांधली, बॉलपेननं नाव लिहिलं, घरी आणून फळीवर ठेवली. पुढच्या पावसाळ्यात छत गळलं, तेवीस पुड्या भिजल्या, शाई पसरली. त्यात सात तुरीच्या होत्या, चार ठिपकेवाल्या, धुईवाली कोणती ते अजून कळलेलं नाही. दोन वर्षांनी परत त्या गावात गेलो तर आजी गेलेली, घरकुल बांधताना जुनं घर पाडलं त्यात तुंबाही गेला. माझीच चूक, दुसऱ्या कोणाची नाही.

तर पहिलं काम, पेन्सिल घे. पेन्सिलचं अक्षर पाण्यानं जात नाही. एक चिठ्ठी बाटलीच्या आत, एक बाहेर. गाव, कोणाच्या घरचं, कधी आणलं, त्या घरी त्याला काय नाव आहे, कोणत्या जमिनीत पेरतात, कधी पिकतं, आणि मुख्य म्हणजे ते का ठेवलंय. हा शेवटचा प्रश्न बाईमाणसाला विचार, बियाणं बहुतेक घरात त्याच सांभाळतात, गडी माणूस किती उतारा येतो ते सांगेल पण शिजायला वेळ किती, कीड लागते का, हे स्वयंपाकघरातच कळतं.

हे एवढं का सांगतोय? धानावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणूचा रोग आला होता, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं हजारो नमुने तपासले, आणि टिकणारा निघाला एक जंगली धान, ओरायझा निवारा, तोही आपल्या उत्तर प्रदेशातल्या गोंड्याचा. त्याचा गुण पुढं आयआर 36 सारख्या वाणात आला. तो नमुना कुठून आणला याची नोंद होती म्हणून आज आपण गोंड्याचं नाव घेऊ शकतो. उलट 1970 साली अमेरिकेत बहुतेक मका एकाच प्रकारच्या मादी वाणावरून बनवलेला होता, करपा आला आणि सगळीकडे एकदमच पसरला. सगळं वावर एका रक्ताचं झालं की असं होतं.

आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे माहीत असतीलच. 1983 मध्ये पटेल 3 धानाच्या वावरात त्यांना तीन ओंब्या वेगळ्या दिसल्या, त्या वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, त्यातून एचएमटी धान आलं. रोज धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणारे आपण सगळेच, पण थांबून पाहणं वेगळं.

आता तुरीचं. धान बहुतेक स्वतःच्याच परागावर भरतो, पण तुरीला मधमाश्या येतात, त्यामुळे लाल आणि पांढरी शेजारी पेरलीस तर दोन-तीन वर्षांत दोन्ही राहणार नाहीत. काही झाडांवर फुलोऱ्याआधीच मच्छरदाणीचं कापड बांध. एकाच चांगल्या झाडाचं बी घेऊ नको, चाळीस-पन्नास झाडांचं थोडं थोडं घे, नाहीतर जातीतलं वैविध्य तूच कमी करशील. वाळवणं नीट कर, बियाण्यातली ओल एक टक्का कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. कोरडं मीठ आणि बी एका बाटलीत टाकून हलव, मीठ काचेला चिकटलं तर अजून ऊन दाखव.

अर्धं बी अकोल्याला दे, तिथं देशातलं बियाणं जपणाऱ्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र आहे. त्यांच्या दिल्लीच्या बियाणे बँकेत उणे 18 अंशावर बी वर्षानुवर्षं टिकतं, पण तिथं ते झोपलेलं असतं, आपला बदललेला पाऊस त्याला कळत नाही. म्हणून दुसरं अर्धं दरवर्षी वावरात पाहिजेच.

आणि कायद्याला घाबरू नको. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम 39 वाच, शेतकऱ्याला बियाणं राखायला, पेरायला, अदलाबदल करायला, विकायलाही मुभा आहे, फक्त संरक्षित वाण ब्रँड लावून विकता येत नाही. शेतकऱ्यानं जपलेल्या वाणाची नोंदणी करायला फी लागत नाही. ग्रामपंचायतीत जैवविविधता समितीची नोंदवही असते, बऱ्याच गावात ती कपाटातच पडून असते, तू जाऊन मागून घे आणि त्यात आजीबाईंची नावं लिहून घे.

एक मात्र कर, बाबांशी भांडू नको. सोयाबीन आणि पऱ्हाटीवर घर चालतं, कर्ज फिटतं. त्यांना फक्त धुऱ्याकडचे दोन तास, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, माग, तेवढे ते देतील.

तूर अजून फुलोऱ्यात आहे. कापणीच्या आधी एका रविवारी ये, माझ्याकडच्या ठिपकेवाल्या चारही तुरी वावरात उभ्या आहेत, धुईच्या दिवशी सकाळी सोबत पाहू कोणतीचं फूल राहतं ते. पेन्सिल घेऊन ये.