शेवंतीला ऊन किती आणि अंधार किती?

प्रश्न : आमच्या अंगणात शेवंतीच्या आठ कुंड्या आहेत. त्यांपैकी चार फाटकाजवळ असून त्यांना सकाळपासून दुपारी दोनपर्यंत थेट ऊन मिळते. उरलेल्या चार घरामागे भिंतीलगत आहेत. तेथे सकाळचे जेमतेम साडेतीन तास ऊन येते. माती, खत आणि लागवडीची वेळ सारखीच आहे. फाटकाच्या खांबावरचा दिवा रात्रभर चालू असल्याने पुढच्या कुंड्यांना अंधार पडल्यावर पाणी घालणेही सोयीचे जाते. असे असताना कळ्या धरल्या त्या मागच्या कुंड्यांवर, आणि पुढची झाडे नुसती हिरवीगार वाढत आहेत. शेवंतीला अर्धी सावलीच मानवते असे समजावे काय? सर्व कुंड्या मागे हलवाव्यात का?

उत्तर : कुंड्या मागे हलवू नका, दिवा बंद करा. पाणी घालण्याच्या सोयीविषयी आपण जाता जाता लिहिलेल्या वाक्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

झाड प्रकाशाचा हिशेब दोन प्रकारे ठेवते आणि हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की आपल्यासारखा गोंधळ होतो. पहिला हिशेब अन्नाचा. दिवसभरात पानांवर जेवढा प्रकाश पडेल तेवढे अन्न तयार होते, आणि भर दुपारच्या निरभ्र उन्हात हा प्रकाश सुमारे 1 लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) जातो. दुसरा हिशेब ऋतूचा. त्यात प्रकाशाच्या प्रमाणापेक्षा सलग अंधाराच्या लांबीला महत्त्व असते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलर्ड यांनी 1920 मध्ये तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, काही झाडे दिवस लहान झाल्याखेरीज फुलत नाहीत. शेवंती याच गटातली. भांगेच्या बहुतेक जातीही याच गटात मोडतात. रात्र खरोखर मोजली जाते ती पानांत, फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्याच्या मदतीने, आणि मध्यरात्री थोडा वेळ जरी प्रकाश पडला तरी एक लांब रात्र झाडाच्या लेखी दोन तुटक, आखूड रात्री होऊन बसते. व्यावसायिक उत्पादक फुलणे लांबणीवर टाकण्यासाठी हेच मुद्दाम करतात. त्यासाठी मध्यरात्री काही तास सुमारे 100 लक्स एवढा प्रकाश त्यांना पुरतो, म्हणजे दुपारच्या उन्हाचा हजारावा हिस्सा. आपल्या खांबावरचा दिवा नेमके तेच काम फुकटात करीत आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर फाटकाजवळचे एखादे झाड निरखून पाहा. खांबाच्या आडोशाला राहिलेल्या एखाद्या फांदीच्या टोकाशी मोहरीएवढ्या कळ्या आणि दिव्यासमोरच्या फांदीला फक्त कोवळी पाने, असे दृश्य दिसण्याची बरीच शक्यता आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल चैलाख्यान यांनी 1930 च्या दशकात शेवंतीवरच केलेल्या प्रयोगात शेंड्याकडची पाने काढून टाकली, फक्त खालच्या पानांना लहान दिवस दिला, आणि तरीही वर फुले आली. पानांत तयार होऊन शेंड्याकडे जाणाऱ्या त्या संदेशाला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले.

दिवा बंद केल्यावर, रात्री पुरेशा मोठ्या असतील तर, तीन-चार आठवड्यांत कळ्या दिसू लागतील आणि जातीनुसार साधारण आठ ते दहा आठवड्यांत फुले उमलतील. सुरक्षिततेसाठी दिवा ठेवणे भागच असेल तर त्याला झाकण लावून उजेड पानांवर पडणार नाही असा वळवा. तेही जमत नसेल तर संध्याकाळी काळ्या जाड कापडाने झाडे झाकून सकाळी उघडा. मात्र हे रोज, न चुकता करावे लागते, आणि उन्हे उतरण्यापूर्वीच झाकल्यास आत उष्णता कोंडते. जास्त उष्णतेनेही शेवंतीला कळ्या येणे लांबते, हे लक्षात असू द्या.

आता मागच्या कुंड्यांविषयी. त्या फुलतील, परंतु साडेतीन तासांच्या उन्हात फुले थोडी आणि देठ लांबट, कमकुवत निघतील. शेवंतीला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे. त्यातही दुपारपेक्षा सकाळचे ऊन सोसणारे असते, कारण कडक दुपारी पाने पाणी वाचवण्यासाठी रंध्रे, म्हणजे आपल्यावरची सूक्ष्म छिद्रे, मिटून घेतात आणि उरलेले ऊन बरेचसे वाया जाते. सावली-सावलीतही फरक असतो. भिंतीच्या सावलीत मोकळ्या आकाशाचा प्रकाश तरी पोहोचतो. झाडाखालच्या सावलीत मात्र वरच्या पानांनी लाल प्रकाश आधीच शोषलेला असतो, त्यामुळे खालचे झाड शेजाऱ्याच्या वर डोके काढण्याच्या घाईने उंच वाढते आणि फांद्या धरीत नाही. आपल्याकडची सावली भिंतीची आहे, एवढे बरे. भिंतीचा अंदाज एकदाच घेऊन मात्र थांबू नका. सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असताना 2 मीटर उंच भिंतीची सावली 2 मीटर पडते, तर 30 अंशांवर ती साडेतीन मीटरच्या जवळपास जाते, आणि शेवंती फुलते ती नेमकी सूर्य खाली राहण्याच्या दिवसांत. एका निरभ्र दिवशी दर तासाला कुंडीवर ऊन आहे की नाही याची नोंद करा, आणि महिन्याने ती पुन्हा करा. कुंड्या उन्हात आणायच्या झाल्या तर आठ-दहा दिवस घेऊन थोड्या थोड्या पुढे सरकवा. सावलीत वाढलेली पाने पातळ असतात आणि एकदम उन्हात आली की त्यांवर पांढरट तपकिरी चट्टे पडतात.

प्रश्न : दुपारी शेवंतीची पाने मान टाकतात. वर कायमची शेडनेट बांधावी का?

उत्तर : आधी सकाळी झाड पाहा. दुपारी मलूल झालेली पाने संध्याकाळनंतर ताठ होत असतील तर ते झाडाचे नेहमीचे वागणे आहे, त्यासाठी जाळी नको. सकाळीही ती लोंबत असतील तर दोष उन्हाचा नाही. कुंडी कोरडी पडली आहे किंवा पाणी साचून मुळे कुजत आहेत, हे बोट दोन पेरे मातीत घालून तपासा. निम्मा प्रकाश अडवणारी जाळी नव्या कलमांना पहिले दोन-तीन आठवडे उपयोगी पडते, मुळे धरल्यावर ती काढून टाकावी.